दुपारी दोनचं ग्रीन

उन्हाळा लागला की जो तो मला एकच विचारतो, "मॅडम, ग्रीनला पाणी कमी पडतंय का?" विचारणारा नुकताच गोल्फ खेळून आलेला असतो, ग्रीनच्या, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेचं पिवळट गवत त्याच्या नजरेत भरलेलं असतं आणि त्याची काळजी खरी असते. माझं उत्तर मात्र त्याला पटत नाही. पाणी कमी पडत नाहीये, उलट जरा जास्तच झालंय, म्हणून आम्ही हात आखडता घेतलाय.

गोल्फ कोर्सचं मैदान सांभाळणं हे माझं काम. एरवी या कामात हात थोडा इकडेतिकडे झाला तरी गवत आपलं आपण भरून काढतं. उन्हाळ्यात ते भरून काढत नाही. आणि इतके उन्हाळे बघून माझं मत असं झालंय, की उन्हाळ्यात जी ग्रीन्स जातात त्यातली थोडीच उन्हाने जातात. बरीचशी आमच्याच हाताने जातात. कुणाकडून पाणी जास्त होतं, कुणाकडून कापायचं मशीन फार खाली लागतं, कुणी सभासदांच्या आग्रहापुढे मान तुकवतं.

आमच्याकडे ग्रीनवर बेंटग्रास आहे आणि फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या लांब पट्ट्यावर, बर्म्युडा. बर्म्युडा म्हणजे हरळीच, फक्त निवडून, संकर करून तयार केलेली. फेअरवेवर जगभर दिसणारी 'टिफवे' ही जात १९६० साली आली, ती हरळी आणि तिच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाचा संकर आहे. दोन्ही गवतं एकाच उन्हात उभी असतात, पण त्यांचे दिवस सारखे जात नाहीत. हरळीला २७ ते ३५ अंश हवा म्हणजे पर्वणी. बेंटग्रास मुळात थंड हवेचं. पानांना १५ ते २४ अंश बरे वाटतात, मुळांना तर १० ते १८ अंशांचीच माती हवी. म्हणजे एकाच सकाळी फेअरवेवर गवत जोरात फुटत असतं आणि त्याला लागूनच ग्रीनवर मुळं मागे सरत असतात.

मुळं मागे सरतात म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गवत दिवसा उन्हात अन्न बनवतं आणि दिवसरात्र ते खर्च करतं. माती ३० अंशांच्या वर तापली की बेंटग्रासचं अन्न बनवणं मंदावतं आणि खर्च वाढतो. रात्रही गरम राहिली तर अंधारातसुद्धा खर्च चालूच. पगार बंद आणि घरखर्च दुप्पट, अशी ती अवस्था. मग साठवलेलं मोडायला लागतं आणि सगळ्यात आधी मुळांवर काट बसते. वसंतात पोकळ नळी खुपसून काढलेल्या मातीच्या लांबट गोळ्यात, आम्ही त्यालाच नळी म्हणतो, बोटभर लांब पांढरी मुळं लोंबत असतात. उन्हाळा सरत येतो तेव्हा त्याच ग्रीनमधून नळी काढली तर वरचे दोन पेरं तेवढी मुळं, खाली नुसती वाळू. वर पान हिरवं असतं, म्हणून कुणाला कळत नाही. दोन पेरं मुळांवर तगून असलेलं ते गवत दुपारी दोनला काय भोगत असेल याचा अंदाज आला की उन्हाळ्यातली माझी सगळी कंजूषी समजते.

आता पाण्याकडे येते. पाण्यावर मी जास्त लिहिणार आहे, बाकीचं उरकतं घेईन.

ग्रीन म्हणजे शेत नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीन बांधायची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते. खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण. गंमत अशी, की बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वाळूच्या तळाशी ते अडून राहतं आणि पुरेसा भार झाला की मगच खाली सुटतं. त्यामुळे वाळू असूनही ग्रीनमध्ये थोडा ओलावा टिकतो. पण वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये मेलेल्या काड्यांचा, सेंद्रिय गाळाचा थर साचला असेल तर तो स्पंजासारखा भरून राहतो आणि पाणी वरच अडतं. मुळं तर आता तेवढ्याच भागात उरलेली. पोकळ्या पाण्याने भरल्या, हवा गेली. कोमट पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. मुळं गुदमरतात, पाणी ओढू शकत नाहीत आणि पाण्यात उभं असलेलं गवत मान टाकतं.

आणि तिथेच खरा घोटाळा होतो. मान टाकलेलं गवत बघून पाइप धरणाऱ्याचा हात आपोआप नळाकडे जातो. तहानलेलं गवत आणि गुदमरलेलं गवत वरून जवळजवळ सारखंच दिसतं. फरक आत बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, आधी नळी काढा, मग पाणी द्या. ओलावा मोजायचं यंत्र आहे, दोन सुया मातीत खुपसल्या की टक्केवारी दाखवतं. त्याचा उपयोग होतो, पण त्या आकड्याची पूजा करू नये. आमच्या वाळूच्या ग्रीनवर मी चौदा ते वीस टक्क्यांच्या मध्ये खेळते. दुसऱ्या कोर्सच्या मातीत हाच आकडा दुष्काळ ठरेल. यंत्र टक्के सांगतं, वास सांगत नाही. काढलेली नळी नाकाशी धरली आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, मध्ये काळपट पट्टा दिसला, तर तिथे हवा संपून गंधकावर जगणारे जिवाणू माजलेत. त्या ग्रीनला एक थेंबही नको. वाळू चिमटीत दाबून बघायची, कण एकमेकांना धरून राहिले आणि बोट ओलं झालं नाही, म्हणजे वाफसा आहे. मला ही परीक्षा यंत्राइतकीच भरवशाची वाटते.

पाइप धरणारे आमचे एक मामा आहेत. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, आणि त्यांचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे हे मी सगळ्यांसमोर कबूल करते. गवत पिवळं पडायच्या आधी निळसर-करडं दिसायला लागतं. त्यावरून चालून गेलं की पावलाचा ठसा उठून राहतो, कारण पानात पाणी नसल्याने ते परत उभं राहत नाही. मामांना हा निळसर रंग ग्रीनच्या पलीकडच्या टोकावरून दिसतो. एकदा एका उंचवट्यावर ते परत परत पाणी देताना दिसले, तेव्हा मी विचारलं, "मामा, इथं सकाळीच दिलंय ना?"

"दिलं हो ताई. पण ते राहतंय कुठं? वरनं घसरून जातंय. ही बघा."

त्यांनी नळी काढून माझ्या हातावर ठेवली. वर अर्धा पेर ओल, खाली कोरडी ठणठणीत वाळू. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला तर तो मुरला नाही, मोत्यासारखा तसाच बसून राहिला. वाळूच्या कणांवर सेंद्रिय, मेणचट पापुद्रा चढला की वाळूच पाणी झिडकारते. अशा जागेला मोठ्या स्प्रिंकलरने कितीही पाणी दिलं तरी ते शेजारच्या खोलगट भागात जातं आणि तिथलं गवत गुदमरतं. एकाच ग्रीनवर पाच पावलांच्या अंतरात एक तहानेने मरतंय, एक बुडून. उपाय हातानेच करावा लागतो. बारीक काट्याने जागा टोचायची, पाणी मुरवणारं द्रावण टाकायचं, मग पाइपला फवारा लावून थोडं द्यायचं, थांबायचं, परत थोडं. मामा या थांबण्याच्या वेळात शेजारचा उंचवटा बघून येतात. घाई असलेल्या माणसाला मी पाइप देत नाही.

दुपारच्या शिडकाव्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. भर उन्हात पाणी मारलं की थेंब भिंगासारखे होऊन पान भाजतात, असं अजूनही लोक सांगतात. गवताच्या गुळगुळीत पानावर तसं काही होत नाही. आम्ही दुपारी जे मारतो ते पिण्याचं पाणी नव्हेच. पान ओलं होईल इतकंच, मातीत उतरणार नाही असं. ते उडून जाताना पानाची उष्णता घेऊन जातं. पण यासाठी हवा कोरडी हवी आणि वारा हवा. दमट, कोंदट दुपारी पाणी उडतच नाही, मग शिडकाव्याने फक्त ग्रीन ओलं राहतं आणि बुरशीची सोय होते. झाडांच्या आणि टेकाडांच्या मध्ये अडकलेल्या ग्रीनला अशा दिवशी पाणी नको असतं, वारा हवा असतो. तिथे मोठे पंखे लावतात. दिसायला विचित्र, आवाज कटकटीचा, खेळणारे वैतागतात. तरी मला विचारलं तर नव्या स्प्रिंकलरआधी मी पंखा मागेन, आणि त्याहीआधी पूर्वेकडची दोन-चार झाडं छाटायची परवानगी. सकाळचं ऊन आणि वाहती हवा, याला तोड नाही.

कोरडं ठेवण्यालाही हद्द असते. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉक हिल्स या कोर्सचं सातवं ग्रीन शेवटच्या दिवशी इतकं सुकून कडक झालं, की चेंडू थांबेना आणि खेळाडूंच्या गटांच्या मध्ये त्यावर पाणी मारावं लागलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, सगळे कॅमेरे रोखलेले, आणि बाजूला माणूस पाइप घेऊन उभा. तो प्रसंग आठवला की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

रोजच्या पाण्याचा हिशोब मात्र सोपा आहे. कडक उन्हाच्या दिवशी गवत आणि माती मिळून सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस मीटरचं ग्रीन असेल तर दिवसाला तीन हजार लिटर गेले. हे सगळेच्या सगळे आम्ही परत देत नाही, जरा कमीच देतो आणि उरलेलं जिथे लागेल तिथे हाताने. वेळ पहाटेची. संध्याकाळी पाणी दिलं तर पान रात्रभर ओलं राहतं, पहाटे दिलं तर ते दवातच मिसळून जातं. आणि हंगामाआधी एकाच मापाचे डबे ग्रीनवर मांडून स्प्रिंकलर चालवायचा. एका डब्यात बोटभर, दुसऱ्यात तळाला टेकलेलं, असं निघतंच. कुठे नोझल झिजलेलं, कुठे मुंडी कललेली. ते दुरुस्त न करता नुसती मिनिटं वाढवत बसणं म्हणजे ओल्याला आणखी ओलं करणं.

एक अडचण अशी आहे जी माझ्याच म्हणण्याच्या उलट जाते. पाणी पुनर्प्रक्रियेचं किंवा खारट विहिरीचं असेल तर रोज थोडं थोडं देऊन भागत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि उरल्यासुरल्या मुळांभोवती साठतात. अशा वेळी कधीतरी एखाद्या रात्री भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुवून काढावे लागतात. त्याआधी ग्रीनला भोकं पाडून घेतलेली असली तरच हे जमतं, नाहीतर गुदमरणं आलंच. म्हणून आम्ही उन्हाळ्यात अधूनमधून सहा मिलिमीटरच्या बारीक सुयांनी ग्रीन टोचतो. माती बाहेर काढत नाही, नुसती वाट करून देतो. वरून रोलर फिरवला की दुसऱ्या दिवशी चेंडूला काही फरक पडत नाही. तरीही कुणीतरी कुरकुरतंच.

कापणीचं. आमची ग्रीन्स एरवी तीन मिलिमीटरवर असतात. उन्हाळ्यात मी ती साडेतीनवर नेते. अर्धा मिलिमीटर ऐकून लोक हसतात, पण तीनचे साडेतीन म्हणजे पान सहाव्या हिश्श्याने वाढलं. अन्न बनवायला तेवढीच जागा जास्त. ग्रीनवर चेंडूचा वेग थोडा कमी होतो, हे खरं. ग्रीनचा वेग मोजायची ती खाचेची पट्टी एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या माणसाला १९३५ मध्ये सुचली, ओकमाँट या कोर्सची भन्नाट वेगवान ग्रीन्स बघून. ग्रीन-ग्रीनमधला फरक मोजता यावा हा तिचा चांगला उपयोग. पण आता लोक तो आकडा दुसऱ्या कोर्सच्या आकड्याशी ताडून बघतात आणि भर उन्हाळ्यात आमच्याकडे मागणी घेऊन येतात. मग मी रोलर काढते. एक दिवस कापायचं, एक दिवस नुसतं रोलरने दाबायचं. वेग बऱ्यापैकी राहतो आणि पानाला एक दिवसाची सुटी मिळते.

ग्रीनच्या कडेने मशीन गोल फिरवतात ती फेरी रोज मारायची नाही, कारण वळताना चाकं त्याच पट्ट्यावर घासतात आणि पिवळी कड बहुतेक तिथूनच सुरू होते. मशीनचा खाचांचा रोलर काढून गुळगुळीत लावायचा. आणि धार. रीलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्यांत, कागदाची पट्टी धरून बघायची, ती सपकन तुटली पाहिजे. बोथट रील पान कापत नाही, फाडतं. सकाळी कळत नाही, दुपारपर्यंत शेंडे पांढरट पडतात आणि सगळ्या ग्रीनवर राख भुरभुरल्यासारखं दिसतं. तेव्हाही लोक म्हणतात, पाणी कमी पडतंय.

खत थेंबाथेंबाने. पंधरवड्याला चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र, पानांवर फवारून. जास्त दिलं तर पान उसळतं आणि मुळांचं उरलंसुरलं त्यात जातं. हिरवा रंग हवा असेल तर थोडं लोह पुरतं. वाढ आवरायचं औषध, ट्रायनेक्सापॅक, आम्हीही वापरतो, पण ते कॅलेंडरवर मारण्यात अर्थ नाही. गरमीत गवत ते लवकर पचवून टाकतं. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज दोनशे अंश झाली की बेंटग्रासच्या ग्रीनवर परत मारायचं. सरासरी वीस असताना दहा दिवस, पंचवीस असताना आठच.

बुरशीबद्दल थोडक्यात. दिवस तिशीच्या वर, रात्र विशीच्या खाली उतरत नाही आणि पान ओलं, असं जुळून आलं की झोप उडते. पिथियम हा रोग आला तर पहाटे गवत तेलकट, काळपट दिसतं आणि त्यावर कापसाचे धागे. ओल्यात त्यावरून मशीन गेलं की दुसऱ्या दिवशी मशीनच्या वाटेने पट्टे उमटतात, म्हणून संशय आला तरी ते ग्रीन कापायचं नाही, सुकू द्यायचं. नाण्याएवढे गोल ठिपके पडतात तो रोग निराळा, तो तितका घाईचा नसतो. या सगळ्यावर स्वस्त उपाय म्हणजे पहाटे दव झाडणं, लांब लवचिक काठीने किंवा पाइप ओढून. पानाच्या टोकाशी जे थेंब असतात ते नुसतं दव नसतं, पानातून पाझरलेला रसही असतो आणि बुरशीला तो आवडतो.

होल बदलणं हे काम बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतं. १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडून निघालेला गवताचा गोळा जुन्या भोकात बसवायचा, एवढंच. पण त्या गोळ्याची सगळी मुळं बाजूने कापलेली असतात. उन्हाळ्यात त्याला बसवल्याबसवल्या पाणी हवं, आणि नंतरचे काही दिवस रोज हाताने. तसं नाही केलं तर ग्रीनभर बशीएवढ्या तपकिरी चकत्या दिसायला लागतात, प्रत्येक चकती म्हणजे एक जुना होल. गोळा किंचित वर राहिला तर मशीन त्याचं टक्कल करतं, खाली गेला तर चेंडू अडतो. ओंजळभर वाळू खाली घालून-काढून तो हाताने बसवावा लागतो. नवीन मुलांना मी पहिले काही दिवस हेच काम देते.

फेअरवेबद्दल मी निर्धास्त असते. हरळी तापलेल्या मातीत सुखात असते, तिची पोकळ नळ्यांनी टोचणी, माती बाहेर काढणं वगैरे मोठी कामं आम्ही उन्हाळ्यातच करतो, कारण ती पटकन भरून निघते. थोडी तपकिरी पडली तरी बिघडत नाही. २००६ मध्ये रॉयल लिव्हरपूलला ब्रिटिश ओपन झाली तेव्हा फेअरवे गव्हाच्या रंगाचे होते, चेंडू इतका पळत होता की टायगर वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, एकदाच काढला आणि स्पर्धा जिंकली. फक्त हरळीने मान टाकलेली असेल त्या दुपारी तिच्यावरून कार्ट जाऊ द्यायची नाही. चाकांचे पट्टे तपकिरी होऊन बरेच दिवस राहतात. दोरी आम्ही याच कारणाने बांधतो, आणि ती ओलांडून गाडी घालणारे आम्हाला लांबून ओळखू येतात.

हरळीचा त्रास एकच, तिला ग्रीन हवं असतं. बेंटग्रास दमलेलं असतं, ही जोरात असते, धुमारे टाकत आत शिरते. फावड्याने कडा सरळ कापत राहायचं, धुमारे हाताने उपटायचे. ज्या गवताची फेअरवेवर आम्ही बडदास्त ठेवतो तेच तिथून दोन हात आत आलं की तण. मामा तिला उपटताना शिव्या देतात आणि फेअरवेवरच्या हरळीला पाणी देताना गुणगुणतात.

रात्री विशीच्या खाली सलग उतरायला लागल्या की ग्रीनवरही पोकळ नळ्यांनी टोचणी करणार आहे. सगळा साचलेला गाळ बाहेर काढून वाळू भरायची, म्हणजे ग्रीन्स काही दिवस वाळूचं मैदान दिसतील आणि पटिंगचा, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्याचा, चेंडू उड्या मारत जाईल. त्याची सूचना फलकावर आधीच लावून ठेवली आहे. खाली कुणीतरी पेनाने "परत?" असं लिहून ठेवलंय. मी त्याखाली "परत" असं लिहून आले.